कोळशाच्या पोटात पेट्रोल

ये, जवळ ये. हे उभ्या उभ्या वाचायचं नाही. कुठंतरी टेक, कागद डोळ्याजवळ धर आणि तो फोन पालथा घालून ठेव. तुझ्यावर मी रागावलेय. आधीच सांगून टाकते, म्हंजे पोटात राहायचं नाही. मागच्या खेपेला तू मला स्कुटीवर बसवून पंपावर नेलंस. तिथल्या पोरीनं टाकीत नळी घातली, टाकी भरली, नळी आपसूक टक् करून बंद पडली. तिथं गप बसायचं का नाही? तू तिला म्हणालीस, अजून घाला, काठोकाठ करा. मी मागून तुझा दंड ओढला तर हसलीस. आजी, तुला यातलं काय कळतं, म्हणालीस. मी पदर नाकाला लावला तर म्हणालीस, एवढं काय, वासच तर आहे.

वासच तर आहे. बरं. त्या वासापायी एके काळी माझी म्हैस दावणीवरनं सुटायची वेळ आली होती, आणि त्या वासानंच मला जे दाखवलं ते मी अजून विसरले नाही. मी काही शाळा शिकलेली नाही. अक्षरं आली तीसुद्धा दुधाच्या कार्डावरचं माझंच नाव लावता लावता. पण हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, म्हणून सांगते.

तुझ्या जन्माच्या लई आधीची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती आणि पाऊस पुन्हा रुसला होता. आपलं गाव भूम आणि परंड्याच्या मधल्या माळावर. ढग यायचे, आमच्या डोक्यावरनं जायचे, आणि आम्ही पाहुणा दारावरनं निघून गेल्यासारखं बघत राहायचो. शेताचा भरवसा उडाला तशी गावात दूध सोसायटी निघाली. सकाळी सहाला सोसायटीच्या खोलीत दूध घालायचं, मोठ्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधी ते भरायचं, आणि सोसायटीची जीप ते कॅन घेऊन भूमला शीतकेंद्रात जायची. शीतकेंद्र म्हंजे दूध गार करून पुढं धाडायचं ठिकाण. तिथं दुधाच्या आधी माणसाचं नाक चालायचं. एक जण प्रत्येक कॅनचं झाकण उघडून, झाकणाची आतली बाजू नाकाला लावायचा. त्याच्या नाकानं व्हय म्हटलं तर दूध आत, न्हाय म्हटलं तर परत.

माझी म्हैस माहेरची. माझा भाऊ लोहाऱ्याकडनं तिला पाच दिवस चालवत घेऊन आला होता. रात्री वाटेतल्या गावांत मुक्काम, दिवसा चाल. तुझे आजोबा तेव्हा रोजगार हमीच्या कामावर दगड फोडायचे. घरात दुसरं दुभतं नव्हतं, आणि रानात काडी नव्हती. पण सोसायटीत जो दूध घालतो त्याला पेंडीचं पोतं मिळायचं. त्या पेंडीवर म्हैस उभी होती. म्हंजे बघ, दूध बंद तर पेंड बंद, पेंड बंद तर म्हैस बाजारात. आणि दुष्काळात बाजारात गेलेलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला जात नाही, ते कुठं जातं हे सांगायला नको.

आता एक सांगते, ते नीट ध्यानात घे. आपण बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले जुने देव ओढ्यात सोडले आणि ताठ मानेनं गावात आले. पण गावाची मान वळायला वेळ लागतो. सोसायटीच्या कागदावर सगळे सभासद सारखे होते. माझं दूध घ्यायला कुणी नकार दिला नाही. फक्त ते शेवटी घ्यायचे, आणि माझ्यासाठी दहा लिटरचा एक लहान कॅन वेगळा आणला होता. मला आधी त्याचा केवढा मान वाटला. म्हटलं, बघा, माझ्या एकटीच्या दुधाला अख्खा कॅन. सासूबाई चुलीपुढनं म्हणाल्या, "मान न्हाय गं, शिवाशिव हाय ती. नवा पत्रा घातलेली." मग मला कळलं.

तो लहान कॅन जीपमधी मागं, बाकीच्या कॅनांत ठेवत नसत. मागं जागा नाही, असं सांगायचे. तो पुढं, डायवरच्या सीटला लागून ठेवायचे.

जीपचे डायवर म्हंजे मामू. परंड्याचे, साठीला टेकलेले, दाढी मेंदीनं लाल केलेली. अख्खं गाव त्यांना मामू म्हणायचं. बोलायचे मराठीच, पण घाबरले किंवा खूष झाले की दखनी निघायची. जीप त्यांच्यापेक्षा म्हातारी. तिची पेट्रोलची टाकी डायवरच्या सीटखाली आणि टाकीचं तोंड सीटच्या कडंला. तोंडाचं झाकण कधीच हरवलेलं. मामू सांगायचे, झाकणाला श्वासाचं बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजलं, मग झाकण घट्ट लावलं की जीप घाटात खोकायची आणि बंद पडायची. म्हणून ते ढिलं ठेवायचे, आणि एक दिवस ते ओढ्याच्या खड्ड्यात उडून गेलं. तेव्हापासून तोंडात चिंधीचा बोळा. जीप खोकत नाही म्हणून मामू त्या बोळ्यावर लई खूष होते.

त्या वर्षी ऊन फाल्गुनातच पेटलं. दूध नासू नये म्हणून कॅनांवर ओली पोती टाकायची आणि जीपच्या चारी बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधायची, अशी पद्धत पडली. आणि त्याच आठवड्यात माझा कॅन परत आला.

नाक लावणारा म्हणाला होता, रॉकेलचा वास येतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एके दिवशी जीपमधले सगळे कॅन परत आले. त्या दिवशी सोसायटीच्या खोलीपुढं अख्खं गाव गोळा झालं. प्रत्येक कॅन हुंगला गेला. मोठ्या कॅनांना वास होता, पण जरासा. माझ्या कॅनला मात्र असा, की झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी यावं. झालं. वास आला कुठनं, हे कोडं सोडवत कोण बसतंय? उत्तर तर माझ्याच कॅनमधी होतं. एक बाई म्हणाली, यांच्यात रेशनचं रॉकेल आणि दूध एकाच भांड्यात मोजत असतील. दुसरी म्हणाली, एकीच्या पायी शंभर घरांचं दूध गेलं. मी माझी चरवी घेऊन आले, राखेनं घासलेली, तोंड दिसावं अशी. कुणी हातात घेतली नाही.

सोसायटीचा चेरमन वाईट माणूस नव्हता. त्याला भांडण नको असायचं, एवढंच. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, आठ दिवस बघू. पुन्हा वास आला तर तुमचं दूध थांबवावं लागंल. माझा नाइलाज हाय."

परत आलेल्या दुधाचं करायचं काय? आपल्याकडं एकच उत्तर, खवा. कढई चढवली आणि ढवळायला बसले. दूध तापलं तसा तो वास असा भपकन उठला की मी तोंड फिरवलं. आणि मग, खरं सांगते, वास गेला. दूध आटत गेलं, वास विरत गेला, आणि खवा झाला तेव्हा तो नुसता खव्यासारखा वास मारत होता. मी सासूबाईंना चाखायला दिला. त्या म्हणाल्या, छान झालाय. मी उलथनं हातात घेऊन तशीच बसले. रॉकेल सांडलेली गोधडी तीनदा धुतली तरी तिचा वास जात नाही, हे कुठल्या बाईला माहीत नाही? मग हा कसला वास, जो जरा ऊब लागली की उठून चालता होतो? हा रॉकेलचा नव्हता. हा कुणा दुसऱ्याचा होता, आणि तो वाटेत चढत होता, कारण घरनं निघताना दूध स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅन ठेवायला दिलाच नाही. मामूंना म्हटलं, मी येते, कॅन माझ्या मांडीवर राहील. मामू गोंधळले. बाईमाणूस जीपमधी पुढं बसून कधी गेलेली नव्हती. चेरमन काही बोलायच्या आत, माझ्यामागं आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. तिचं दूध ती सांभाळती." आणि मी बसले, सीटच्या कडंला, जिथं माझा कॅन रोज बसायचा तिथं.

पोरी, तासाभराचा रस्ता. ताडपत्री बांधलेली, ओली पोती, आणि तो गोड गोड वास. आधी बरा वाटला. मग कपाळात ठणका सुरू झाला, मग पोटात मळमळ. मी मामूंना विचारलं, तुमचं डोकं दुखत नाही? ते म्हणाले, रोजच दुखतं, ऊन लागतं ना. मी म्हटलं, ऊन तर ताडपत्रीच्या बाहेर आहे.

भूमला शीतकेंद्राच्या आवारात चुन्यानं रंगवलेली लांब भिंत होती. सकाळचं तिरपं ऊन तिच्यावर पडलेलं. जीप भिंतीला लागून उभी राहिली, कॅन उतरवले. परतीला पेट्रोल पुरणार नव्हतं म्हणून मामूंनी पंपावरनं आणलेला डबा काढला, ताडपत्री वर गुंडाळली, बोळा उपसला आणि नरसाळ्यातनं टाकीत ओतू लागले. मी खाली उतरून भिंतीला पाठ टेकायला निघाले होते. डोकं धरून. आणि भिंतीकडं बघितलं.

भिंतीवर जीपची सावली होती. मामूंची होती, डब्याची होती, नरसाळ्याची होती. पेट्रोलची धार नरसाळ्यात पडताना दिसत होती. आणि टाकीच्या तोंडातनं आणखी काहीतरी बाहेर येत होतं. सावलीत. मी जीपकडं बघितलं तर तिथं काही नाही, मोकळी हवा. भिंतीकडं बघितलं तर आहे. पाण्यासारखं, पण पाणी नाही. धुरासारखं, पण धूर वर जातो, हे खाली जात होतं. टाकीच्या तोंडातनं उकळून वर यायचं, काठावर जरा रेंगाळायचं, आणि मग सीटच्या कडंवरनं खाली ओघळायचं, लाटा लाटांनी, जसं एखाद्या धरणाच्या सांडव्यावरनं पडावं. खाली जिथं माझा कॅन बसायचा त्या खोलगट जागेत ते साचत होतं आणि मग तिथनं भरून मागं, कॅनांच्या जागेकडं सरकत होतं.

मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. मला भीती वाटली का? वाटली थोडी. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. आपण ज्याला मोकळी हवा म्हणतो त्यात एवढी नदी वाहते, आणि आपल्या डोळ्यांना तिचा पत्ता नाही, ती फक्त भिंतीला दिसते. मी आजवर किती उन्हांत किती भिंतींजवळनं गेले असेन.

मामूंना हाक मारली तर ते म्हणाले, थांब बेटी, सांडतंय. मी म्हटलं, तेच तर बघा, सांडतंयच. त्यांनी डबा ठेवला, माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांच्या मेंदीच्या दाढीची सावली भिंतीवर आणि तिच्या बाजूनं ती वाफ वाहत होती. ते हळू बोलले, "बीस साल से भरता हूँ मैं ये टाकी. ये तो बहता है, बेटी. पानी के माफिक बहता है." मग त्यांनी बोळा परत तोंडात कोंबला. सावलीतली वाफ कमी झाली, पण थांबली नाही. चिंधीतनं झिरपत राहिली. त्यांनी आपल्याच कपाळाला हात लावला. इतकी वर्षं उन्हावर घातलेली डोकेदुखी त्यांना तिथं उभी दिसली असणार.

त्या दिवशीही माझा कॅन परत आला. मांडीवर असून आला. पण मी रिकाम्या हातानं परतले नव्हते.

चेरमनला भिंत आणि सावली सांगितली तर तो म्हणाला, बाई, ऊन लागलं असंल तुम्हाला. मग मामूंनी तोडगा काढला. चेरमनच्याच घरनं, चेरमनच्याच म्हशीचं दूध दोन तांब्यांत घेतलं. दोन्हींवर ओलं फडकं बांधलं. एक तांब्या मागं, फाळक्याच्या म्हंजे मागच्या फळीच्या टोकाला, जिथं ताडपत्रीच्या फटीतनं वारा येतो तिथं. एक पुढं, माझ्या कॅनच्या जागी. तसेच भूमला नेले, तसेच परत आणले. सोसायटीच्या खोलीपुढं पुन्हा गाव गोळा झालं. चेरमननं मागचा तांब्या हुंगला, मान हलवली. पुढचा हुंगला, आणि मान मागं घेतली. मग त्यानं तो तांब्या त्याच्या बायकोकडं दिला. तिनं हुंगला आणि पदर नाकाला लावला. त्यांच्याच म्हशीचं दूध होतं. रॉकेलचं बोलणारी ती बाई मागच्या मागं निघून गेली.

आता तू म्हणशील, मग सुटलं की. मागच्या तांब्याला वास नव्हता, तर माझा कॅन मागं ठेवायचा. सगळ्यांना तेच सुचलं असणार, कारण सगळे एकदम जमिनीकडं बघायला लागले. चेरमन खाकरून म्हणाला, मागं जागा नाही, तर कॅन बॉनेटवर बांधू. मामू हसले. म्हणाले, चेरमनसाब, बॉनेटवर ठेवलं तर भूमला दही पोचंल. लोक हसले आणि तेवढ्यावर ते बोलणं मिटलं. म्हंजे मिटलं नाही, झाकलं. आणि मागचे कॅनही ताडपत्रीत कोंडून थोडे थोडे वास धरतच होते. एक दिवस सगळं दूध परत आलेलं कुणी विसरलं नव्हतं. शेवटी ठरलं, टाकीचं काहीतरी करायचं. तोवर माझं दूध माझ्याच घरी राहील. पेंडही तोवर थांबेल.

मामूंनी भूमहून नवं झाकण आणलं, सायकलच्या ट्यूबचा वायसर घालून घट्ट बसवलं. वास थांबला. आणि जीप पहिल्याच चढाला खोकायला लागली. दुपारी उन्हात उभी राहिली आणि झाकण उघडलं तर फुस्स करून वाफ मामूंच्या तोंडावर आली. टाकीला श्वास पाहिजे होता, आत घ्यायलाही आणि बाहेर सोडायलाही. कोंडली तर जीप मरत होती, मोकळी सोडली तर दूध मरत होतं. मामू आमच्या ओट्यावर येऊन बसले, डोक्यावरची टोपी काढली, म्हणाले, आता काय करायचं ते अल्लाच जाणे.

सासूबाई तेव्हा रांजण भरत होत्या. त्या वर्षी पाणी टँकरनं यायचं, आणि एका टँकरला डिझेलचा असा वास होता की पाणी ओठाला लावता येत नव्हतं. सासूबाई बाभळीचे कोळसे फडक्यात बांधून रांजणात सोडायच्या. सकाळपर्यंत पाणी निवळ. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "श्वास घेऊ द्या की तिला. पण कोळशातनं घेऊ द्या. कोळसा वास गिळतो."

मामू दचकले. पेट्रोलजवळ कोळसा? सगळ्यांना एकदम वर धाडायचा विचार दिसतो तुमचा. सासूबाई म्हणाल्या, विझलेला हो, पेटलेला नव्हं. एवढं वय झालं आणि चूल माहीत न्हाय तुम्हाला.

मग आम्ही ते केलं. तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. बाजारात कथलानं पत्र्याला डाग देऊन जोडणारा यायचा, त्याच्याकडनं डब्याला नळीची तोटी बसवली. बाभळीचे कोळसे मी कुटले, हरभऱ्याएवढे. आधी विझवलेले घेतले होते पाणी मारून, ते ओले होते. त्यांनी काही गिळलं नाही. मग कढईत कोरडे भाजून घेतले. झाकणाला भोक पाडून रबरी नळी लावली, ती डब्यात सोडली, डब्याच्या वरच्या अंगाला हवेसाठी बारकी भोकं. टाकी आता कोळशातनं श्वास घ्यायला लागली. जीप खोकली नाही. दुपारभर उन्हात उभी करून मामू डब्याजवळ वाकले, हुंगत हुंगत, मांजर दुधाभोवती फिरावं तसे. वास नव्हता.

मला ते खरं वाटेना. कोळसा म्हंजे काय, जळून गेलेलं लाकूड, ज्याचं सगळं संपलेलं आहे. त्याला एवढी भूक? ती नदी, भिंतीवर बघितलेली, ती सगळी त्या मूठ मूठ काळ्या तुकड्यांच्या पोटात गेली आणि वर एक थेंब दिसेना. मी एक तुकडा हातात घेऊन उन्हात धरला. काही दिसलं नाही. कोरडाच होता.

चार दिवसांनी पुन्हा वास आला. कोळशाचं पोट भरलं होतं. मामू म्हणाले, रोज कोळसा बदलायचा का? मग त्यांनीच इंजिनासमोर बसून विचार केला. इंजिन पेट्रोल पितं, तशी हवाही ओढतं, एका डब्यातनं गाळून. त्यांनी कोळशाच्या डब्याला दुसरी तोटी बसवून घेतली आणि दुसरी नळी त्या हवा ओढायच्या तोंडाशी नेऊन जोडली. म्हंजे जीप उभी असताना कोळसा गिळणार, आणि जीप चालू झाली की इंजिन त्या कोळशाच्या पोटातनं हवा ओढणार आणि गिळलेलं सगळं पिऊन टाकणार. त्या दिवशी भूमला जाऊन आल्यावर त्यांनी मला हाक मारली. डबा उघडला. निघताना ज्या कोळशाला भपकारा होता, त्याला आता नुसता कोळशाचा वास होता. "खाली हो गया," ते म्हणाले. "जे उडून जात होतं, ते गाडी चालवून गेलं." आम्ही दोघं त्या डब्याकडं बघत राहिलो. कोळसा पुन्हा उपाशी झाला होता, पुन्हा गिळायला तयार.

मधी एकदा घोटाळा झाला, आणि तो तुझ्यासाठीच सांगते. पंपावरच्या माणसानं लाडानं टाकी काठोकाठ भरली. जीप उन्हात उभी राहिली, आतलं पेट्रोल तापून फुगलं, त्याला जागा नव्हती, ते नळीतनं डब्यात चढलं. वाफ गिळणारा कोळसा ओलं पेट्रोल गिळू शकत नाही. सगळा चिंब होऊन बाद झाला. पुन्हा कुटा, पुन्हा भाजा. तेव्हापासून मामू टाकीचं तोंड चार बोटं रिकामं ठेवायचे. आता कळलं मी तुझा दंड का ओढला ते? तुझ्या स्कुटीत कुठं काय असतं मला माहीत नाही, पण त्या नळीला थांबायचं कळतं, तुला कळत नाही.

या सगळ्यात पंधरा दिवस गेले. पेंडीचं पोतं संपत आलं. म्हशीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. तुझे आजोबा एका रात्री म्हणाले, येत्या रविवारच्या बाजाराचं बघावं लागंल.

शनिवारी सकाळी मी चरवी घेऊन सोसायटीवर गेले. चेरमन म्हणाला, ठीक, आज एकदा बघू. माझं दूध त्या लहान कॅनमधी भरलं. नेहमीच्या माणसानं कॅन उचलला आणि जीपच्या पुढच्या अंगाला, सीटच्या कडंला ठेवायला गेला. तिथं कोळशाचा डबा बसवलेला. पत्र्याच्या पट्टीनं, खिळ्यांनी, घट्ट. जागाच नव्हती. त्यानं कॅन इकडून ठेवून बघितला, तिकडून ठेवून बघितला. मग चेरमनकडं बघितलं. चेरमननं मामूंना विचारलं, डबा दुसरीकडं बसत न्हाय का? मामू हात पुसत शांतपणे म्हणाले, "न्हाय चेरमनसाब. नळी पुरत न्हाय."

नळी पुरत होती. मी ती कापताना धरून उभी होते. चांगली वावभर, दोन्ही हात पसरावे एवढी उरली होती.

दूध तापायला लागलेलं, ऊन चढायला लागलेलं. मग चेरमननं खालच्या आवाजात म्हटलं, "ठेव मागं." आणि माझा कॅन मागं गेला. मोठ्या कॅनांच्या मधी, अंगाला अंग लावून. वर एकच ओलं पोतं, सगळ्यांवर मिळून. मी पुन्हा मामूंच्या शेजारी बसले, पायाशी तो डबा. भूमच्या वाटेवर खड्डेच खड्डे. मागं झाकणं खडखडत होती, दूध एकमेकांच्या अंगावर सांडत होतं, आणि मला ते ऐकू येत होतं.

शीतकेंद्रात नाक लावणाऱ्यानं एकेक झाकण उघडलं. माझं उघडलं. नाकाला लावलं. बाजूला धरलं, पुन्हा लावलं. त्यानं झाकण बंद केलं आणि कॅन आतल्या रांगेत सरकवला. नाकानं व्हय म्हटलं होतं. मामूंनी टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवला.

रविवारी बाजाराला आम्ही गेलोच नाही. सोमवारी पेंडीचं पोतं आलं, आणि म्हशीनं पाटीत तोंड घातलं ते पाटी चाटून कोरडी होईपर्यंत वर काढलं नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले. मामूंचं डोकं पुढं दुखायचं कमी झालं, असं ते सांगायचे. मागच्या जागेबद्दल मात्र पुन्हा कुणी काही बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही. रोज मागंच गेला माझा कॅन.

मी अजूनही कधी दुपारी रस्त्याच्या कडंला उभी राहते, पांढऱ्या भिंतीशेजारी एखादी गाडी थांबलेली असते, आणि मी माणसांकडं न बघता भिंतीकडं बघते. कधी दिसतं, कधी नाही दिसत. दिसलं की अजून अंगावर काटा येतो.

असं बरंच आहे, कागदावर सगळं उतरत नाही, आणि माझा हात आता दुखायला लागलाय. ज्वारी यंदा बरी आलीय. पंधरा दिवसांत हुरड्यावर येईल, आणि हुरडा कुणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही. तर साहेबाला सांग, रजा काढ, आणि ये लवकर. एकटी येऊ नकोस, तुझ्या आईलाही आण.